परदेशात बास्केटबॉल खेळायला पाठवतो म्हणून एजंट अडीच लाख मागतोय, द्यावेत का?

निपाणीचा मामा

नमस्कार मंडळी. मी निपाणीत तंबाखूच्या धंद्यात आहे. खेळातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून इथं विचारतोय.

बहीण बेळगावात असते, अनगोळला. तिचा मुलगा २१ वर्षांचा, उंची सहा फूट चार इंच, बी.कॉम. झालाय. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या संघातून खेळून आलाय. दिवसभर बॉल, बॉल आणि बॉल. आता इन्स्टाग्रामवर त्याला एक एजंट भेटलाय. पूर्व युरोपातल्या क्लबशी करार करून देतो म्हणतो. राहणं, जेवण, महिन्याचा पगार, सगळं क्लबचं. फक्त ‘प्रोसेसिंग’ म्हणून अडीच लाख आधी भरायचे. बहीण गंठण मोडायला निघाली होती, मीच थांबवलं.

इकडं रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून भरती निघाली की अर्ज घाल म्हणून आम्ही त्याच्या मागं लागलोय. हुबळीला मुख्यालय, घरापासून जवळ. तो ऐकायलाच तयार नाही. “मामा, रेल्वेत गेलो की माझा खेळ संपला,” म्हणतो.

तिकडं खेळून पोट भरतं का? आणि तिशी उलटल्यावर असल्या पोरांचं काय होतं? कुणी स्वतः जाऊन आलेलं असेल तर त्यांनी लिहावं. ऐकीव नको, ते घरात भरपूर आहे.

लेफ्टी टिळकवाडी

मामा, जाऊन आलोय म्हणून लिहितो. पहिलं म्हणजे त्या माणसाला एक रुपया देऊ नका.

बास्केटबॉलची जागतिक संघटना म्हणजे फिबा. एजंटला तिचं लायसन्स लागतं आणि लायसन्सवाल्यांची नावं फिबाच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येतात. एजंटची फी खेळाडूच्या कराराच्या रकमेवर ठरते, जास्तीत जास्त दहा टक्के. म्हणजे आधी करार, मग पगार, मग त्याचे पैसे. पोरगं विमानात बसायच्या आधीच जो लाखांत बोलतो, त्याला क्लबकडून काही मिळायचं नसतं, म्हणून तर तो तुमच्या बहिणीच्या गंठणाकडं बघतोय. लायसन्स नंबर विचारा आणि क्लबच्या स्वतःच्या मेलवरून आलेला करार दाखव म्हणा.

आता माझं. मी कुणी मोठा खेळाडू नव्हे, आधीच सांगतो. शाळेच्या सिमेंटच्या कोर्टावर शिकलो, इंजिनिअरिंग करता करता बेंगळुरूच्या एका क्लबकडून खेळलो, आणि तिथल्या एका सीनियरच्या ओळखीनं मालदीवला गेलो. आपल्याकडचे खेळाडू तिथं ‘इम्पोर्ट’, म्हणजे बाहेरून घेतलेले खेळाडू, म्हणून जातात. जवळ पडतं, काम थोड्या महिन्यांचं असतं. माले म्हणजे एवढंसं बेट, त्यावर माणसांपेक्षा दुचाकी जास्त वाटतात. सकाळी मासहुनी, म्हणजे टुना, खोबरं, कांदा कालवून रोटीबरोबर. दुपारी परत टुनाचं सार. रात्री मॅच. खोलीत माझ्याबरोबर एक सर्बियन, त्याला रोज आईचा फोन, मलाही रोज आईचा फोन, दोघांनाही एकच प्रश्न, जेवलास काय.

पैसे डॉलरमध्ये ठरलेले. एका क्लबनं शेवटच्या महिन्याचे दिलेच नाहीत. असल्या भांडणासाठी फिबानं २००७ साली एक लवाद सुरू केलाय, त्याला बॅट म्हणतात, कामकाज जिनिव्हाच्या नावानं चालतं. पगार बुडवणाऱ्या क्लबवर खेळाडूला तिथं दावा लावता येतो, आणि निकाल मानला नाही तर त्या क्लबला नवे परदेशी खेळाडू घ्यायला फिबा मनाई करू शकते. खरं, ते कलम करारात छापलेलं असलं तरच. आमचा करार एका पानाचा होता, त्यात ते नव्हतं. तुमच्या भाच्याला कुठलाही कागद आला तर आकडा नंतर बघा, आधी हे कलम शोधा.

मालदीवनंतर मी जर्मनीला गेलो, खरं तिथं खेळाडू म्हणून गेलोच नाही, विद्यार्थी म्हणून गेलो. हे नीट समजून घ्या, कारण एजंट लोक नेमकं हेच सांगत नाहीत. जर्मनीत धंदेवाईक खेळाडूचा व्हिसा मिळायचा तर क्लबनं ठरावीक पगार द्यावाच लागतो. तिथं जास्तीत जास्त ज्या पगारावर पेन्शन विम्याचा हप्ता कापतात, त्याच्या निम्मा. २०२५ साली ते महिन्याला ४,०२५ युरो होतं. एवढे पैसे वरच्या लीगमधले क्लब देतात, आणि ते अमेरिकेचा कॉलेज खेळाडू घेतात, आपल्याला कशाला घेतील? खालच्या लीगमध्ये आपल्याला जागा असते, खरं तिथं तेवढा पगार नसतो. म्हणून खाली खेळणारा परदेशी माणूस बहुतेक वेळा कागदावर विद्यार्थी, नाहीतर कामगार, नाहीतर कुणाचा तरी नवरा असतो.

तिथली उतरंड अशी: सगळ्यात वर बुंडेसलिगा, मग प्रो ए, प्रो बी, त्याखाली रेगिओनाललीगाचे दोन थर, मग ओबरलीगा, आणि त्याच्याही खाली जिल्ह्याच्या लीगा. मी ओबरलीगात लागलो, नंतर एक पायरी वर चढलो. क्लब मला काय द्यायचा? एक ‘मिनीजॉब’, म्हणजे थोड्या पगाराची छोटी नोकरी, त्याची मर्यादा तेव्हा महिन्याला ४५० युरो होती. आणि वर दोनशे युरो लहान पोरांना शिकवायचे. क्लबात शिकवणाऱ्याला वर्षाला २,४०० युरोपर्यंत कर लागत नसे, २०२१ मध्ये ते ३,००० केलं होतं. क्लबचा खजिनदार बेकरीवाला होता, त्यानं हे सगळं मला ब्रेडच्या पिशवीवर हिशोब करून दाखवलं.

म्हणजे बघा मामा, माझ्या पैशातला जवळजवळ तिसरा भाग मी खेळतो म्हणून येत नव्हता, शिकवतो म्हणून येत होता. आठवड्यातून दोन संध्याकाळी बारा वर्षांखालची पोरं. शनिवारी त्यांची मॅच, मी बाकावर. मग रात्री नऊ सीटच्या गाडीतून आमची मॅच. गाडीवर फरशीवाल्याची आणि दातांच्या डॉक्टरची जाहिरात. आणि रविवारी दुसऱ्या कुठल्यातरी टीमच्या मॅचला टेबलावर बसून गुण लिहायचे, कारण तो प्रत्येक क्लबचा वाटा असतो, त्यातून इम्पोर्टही सुटत नाही. दुसऱ्या वर्षी क्लबनंच मला कोचिंगच्या सी-लायसन्सला घातलं.

तिशीनंतर काय, असं विचारलंत. माझ्या बाबतीत ते पंचविशीतच चालू झालं होतं. असल्या थरावर खेळाडू आणि कोच हे दोन वेगळे टप्पे नसतातच, एकाच पगाराचे दोन तुकडे असतात. पोराला तुम्ही “कुठल्या देशात जाणार” विचारू नका. “येताना कुठला कागद घेऊन येणार” विचारा.

थ्री पॉइंटर हिंदवाडी

एवढं घाबरवू नका हो दादा. पोराची उंची आहे, जाऊ दे की. सतनाम सिंग पंजाबातल्या खेड्यातून एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, गेलाच ना?

लेफ्टी टिळकवाडी

सतनामचं पूर्ण सांगावं लागेल. सात फूट दोन इंच. २०१० मध्ये शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाच्या अकादमीत गेला, २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या संघांनी नवे खेळाडू निवडायच्या फेरीत, डॅलसनं त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतलं. भारतात जन्मलेला पहिलाच. अभिमानाची गोष्ट आहे, मी त्या दिवशी पेढे वाटलेत. खरं एनबीएच्या मोसमात त्याला एकही सामना मिळाला नाही. खालच्या लीगमध्ये खेळला, मग कॅनडात, आणि आता तो कुस्तीच्या टीव्ही शोमध्ये आहे. अमृतपाल सहा फूट अकरा, आधी जपानात, २०१७ ला सिडनी किंग्जकडं. अमज्योत सहा फूट आठ, तोही जपानात, मग ओक्लाहोमाच्या खालच्या टीमकडं. ही आपली सगळ्यात वरची फळी, आणि त्यांनाही कुठं एक मोसम, कुठं दोन.

सहा-चारचं म्हणाल तर आपल्याकडं त्याला रिंगखाली उभं करतात. बेळगावात सहा-चार म्हणजे सेंटर, दुसरा विचारच नाही. तिकडं सहा-चार म्हणजे गार्ड. बॉल आणायचा, दोन्ही हातांनी ड्रिबल, लांबून शूट. मी सहा-तीन, डावखुरा, आयुष्यभर रिंगकडं पाठ करून खेळलेलो. ओबरलीगातल्या पहिल्या सरावात कोचनं मला बॉल हातात देऊन वरून टीम चालव म्हटलं तेव्हा सोळा वर्षांचं एक पोरगं माझ्याकडून तीन वेळा बॉल काढून घेऊन गेलं. मामा, भाच्याला विचारा, डाव्या हातानं पूर्ण कोर्ट बॉल नेतोस काय, समोर माणूस असताना.

पीटी सर, खानापूर

लेफ्टी बरोबर सांगतोय, खरं एक गोष्ट त्यानं हातची राखून ठेवली. रेल्वे.

मी तीस वर्षं शाळेत पोरं खेळवली. आपल्या भागात फुटबॉल, कबड्डी, खो-खो, कुस्तीला चार माणसं जमतात, बास्केटबॉलला पोराचा बापसुद्धा येत नाही. अशा खेळात ज्यांचं घर चाललं ते नोकरीवालेच. रेल्वे, सेनादल, बँका, ओएनजीसी. भारतीय संघातली नावं काढून बघा, बहुतेकांच्या मागं कुठलं ना कुठलं खातं आहे. ‘रेल्वेत गेलो की खेळ संपला’ हे पोराला कुणी शिकवलं? रेल्वेत गेलं की रोज सराव होतो, राष्ट्रीय स्पर्धा होते, आणि गुडघा गेला तरी पगार येतो.

गीतू अण्णा जोस बघा. केरळची मुलगी, दक्षिण रेल्वेत नोकरी. नोकरी असतानाच ऑस्ट्रेलियात रिंगवूडकडून खेळून आली, २००६ पासून. २०११ मध्ये अमेरिकेत महिलांच्या एनबीएच्या तीन संघांनी तिला चाचणीला बोलावलं. खात्याचं ना-हरकत पत्र घ्यायचं, रजा घ्यायची, जायचं. दोन्ही जमतं.

वडगावची अक्का

सर, गीतूचं नाव काढलंत, बरं वाटलं. माझी मुलगी नववीत आहे, लेफ्टी सरांकडंच खेळ शिकायला येते. मला एकच विचारायचं होतं. शाळेत तिला सात नंबरचा बॉल देतात, लेफ्टी सर सहा नंबरचा देतात. शाळेतले म्हणतात मोठ्या बॉलवर हात बसला की लहान सोपा जातो. खरं काय?

लेफ्टी टिळकवाडी

अक्का, बायकांचा बॉल जगभर सहा नंबरचाच. सात नंबर पुरुषांचा. बारा वर्षांखालच्यांना पाच नंबर आणि रिंग २.६० मीटरवर, मोठ्यांची ३.०५ वर. हे मी घरचं सांगत नाही, फिबाच्या मिनी बास्केटबॉलचं माप आहे. आपल्याकडं दहा वर्षांच्या पोराला सात नंबरचा बॉल देऊन तीन मीटरवर टाक म्हणतात. ते बिचारं कमरेपासून, दोन्ही हातांनी, अंगाला हिसका देऊन फेकतं, गेला की सगळे टाळ्या वाजवतात. तो हिसका पुढं पाच वर्षं निघत नाही. तुमच्या भाच्याचाही शॉट बघायला पाहिजे मामा, नव्वद टक्के तिथंच गडबड असणार.

परत आल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल तर उद्यमबागेत एका फॅब्रिकेशनवाल्याकडं गेलो. मोठ्या बोर्डाच्या खांबाला खालून अडकवायची, काढायची रिंग करून पाहिजे म्हटलं. तो पंपाचे सुटे भाग करणारा माणूस. त्यानं विचारलं, “हिच्यावर लोंबकळणार काय पोरं?” लोंबकळणार म्हटल्यावर त्यानं पट्टी दुप्पट जाड घातली. अजून टिकून आहे. वरची मोठी रिंग मात्र दोनदा वाकली.

आणि सर, रेल्वेचं तुम्ही म्हणता ते मान्य. खरं मी हातची राखून ठेवली नाही, मला रेल्वेनं घेतलंच नव्हतं. तीन जणांत निवड होती, तिसरा मी.

कोचिंगचं थोडं सांगतो, मामांचा दुसरा प्रश्न तोच होता. बेळगावात कोच म्हणून जगायचं तर मोसम पाऊस ठरवतो. जून ते सप्टेंबर उघड्या कोर्टावर शेवाळ धरतं. दर रविवारी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्यानं घासतो, तरी जंप स्टॉप, म्हणजे उडी घेऊन दोन्ही पायांवर थांबणं, शिकवता येत नाही, पाय सरकतो. मग शाळेच्या व्हरांड्यात बसून बॉल हँडलिंग, नाहीतर सभागृह मिळालं तर बचाव. शाळांचा करार मार्चपर्यंत असतो. एप्रिल-मेच्या सुट्टीतल्या शिबिरावर मी पावसाळा काढतो. पोरं मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी, सगळी येतात, फी एकच, आणि फी न देणारीही सगळ्यात असतात.

जर्मनीचं सी-लायसन्स इथं सरकारी खात्यात कुणी विचारत नाही, हे पण ऐकून ठेवा. इथं पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, डिप्लोमा चालतो, एक वर्षाचा. सहा आठवड्यांचा छोटा कोर्सही आहे, खासगी शाळांना तेवढा पुरतो. मी तो नंतर केला. डिप्लोमाला पदवी आणि खेळाची प्रमाणपत्रं दोन्ही बघतात, तेव्हा भाच्याची आंतरविद्यापीठाची प्रमाणपत्रं लॅमिनेट करून ठेवा, कुणाला मूळ प्रत देऊ नका. एजंटला तर नाहीच.

तिकडच्या लायसन्सनं मला काय दिलं, तर सरावाचा कागद. बारा वर्षांखालच्यांचा नव्वद मिनिटांचा सराव आधी लिहून काढायचा, प्रत्येक खेळाला किती मिनिटं, किती बॉल, रांगेत एकाच वेळी किती पोरं उभी. रांगेत तीनपेक्षा जास्त पोरं दिसली की परीक्षक लाल पेननं गोल करायचा. आपल्याकडं एका बॉलमागं पंधरा पोरं रांगेत उभी असतात आणि कोच मोबाइलवर.

थ्री पॉइंटर हिंदवाडी

म्हणजे तिकडं जाऊन यायचं आणि शेवटी व्हरांड्यात बारकी पोरं शिकवायची? एवढ्यासाठी कोण जाईल?

लेफ्टी टिळकवाडी

जाणारे जातात. निक नर्स नावाचा माणूस १९९० मध्ये इंग्लंडात डर्बीला गेला, खेळाडू आणि कोच एकाच वेळी, वय तेवीस. पुढची कितीतरी वर्षं इंग्लंड आणि बेल्जियममध्ये. २०१९ ला टोरंटोला एनबीएचं विजेतेपद मिळालं तेव्हा कोच तोच. केनी ॲटकिन्सन एनबीएत एक सामना खेळला नाही, फ्रान्स-जर्मनी-स्पेनमधल्या क्लबांत फिरत राहिला, पॅरिसमध्ये सहायक कोच झाला. २०२५ ला एनबीएचा सर्वोत्तम कोच. असले दोन निघतात, बाकीचे व्हरांड्यातच असतात. मला व्हरांड्याचा कंटाळा आलेला नाही, तुला आला असेल तर शनिवारी खेळायला ये, किती दिवस झाले आला नाहीस.

निपाणीचा मामा

सगळ्यांचे आभार. काल भाच्याला हे सगळं वाचायला दिलं. आधी रागावला, मग त्या एजंटला लायसन्स नंबर विचारणारा मेसेज माझ्यासमोरच टाकला. उत्तर अजून आलं नाही. त्यानं दोन प्रश्न विचारलेत. रेल्वेचा अर्ज घातला तर परदेशाचा रस्ता बंद होतो काय? आणि आता लगेच करायचं काय?

पीटी सर, खानापूर

बंद होत नाही. अर्ज घातला म्हणजे लगेच नोकरी लागली असं नव्हे, आधी चाचणीत टिकू दे. निवड झाली तर पुढचा विचार. जाहिरात रेल्वेच्या भरतीच्या वेबसाइटवरच बघायची, व्हॉट्सॲपवर फिरणारी नको. वयाचा आणि कुठल्या पातळीवर खेळल्याचा निकष प्रत्येक जाहिरातीत वाचायचा. प्रमाणपत्रावर विद्यापीठाची सही-शिक्का स्पष्ट नसेल तर आत्ताच नवं मागून घ्या, त्याला वेळ लागतो.

लेफ्टी टिळकवाडी

लगेच करायचं म्हणजे व्हिडिओ. युरोपातले क्लब जून ते ऑगस्टमध्ये माणसं शोधतात, मोसम सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होतो. दोन पूर्ण मॅच, न कापता, मैदानाच्या मधोमध उंचावरून काढलेल्या. फक्त बास्केट जोडून गाणं घातलेला व्हिडिओ कोच दहा सेकंदात बंद करतो. बचावात तू कुठं उभा राहतोस आणि चुकल्यावर पळत परत येतोस काय, एवढं बघतात ते.

बाहेरच्या क्लबनं खरोखर घेतलं तर भारतीय महासंघाकडून क्लिअरन्स पत्र लागतं. ते त्या देशाचा महासंघ आणि आपला महासंघ यांच्यात होतं, त्यासाठी मधल्या कुणाला पैसे द्यायचे नाहीत. शिकायला जर्मनीला जायचं असेल तर आता खात्यात वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात. तेव्हा खेळासाठी शिक्षण हे गणित मांडायच्या आधी ज्या विषयात एम.ए., एम.कॉम. करणार त्याला तिकडं दाम आहे काय ते बघा.

आणि त्याला रविवारी सकाळी साडेसहाला पाठवा. टिळकवाडीचं कोर्ट त्याला माहीत आहे. सात वाजता बारकी पोरं येतात, त्याच्या आधी अर्धा तास मी त्याचा डावा हात बघतो, आणि मग एक तास त्यानं माझ्याबरोबर दहा वर्षांच्या पोरांना ले-अप, म्हणजे पळत रिंगजवळ जाऊन बॉल टाकायचा, शिकवायचा. त्यात चिडला नाही तर पुढचं बोलू. पाण्याची बाटली घरून आणायला सांगा, नळाला सध्या पाणी नाही.